सोलापुरात मोठ्या वयात ऑटिझमचं निदान आणि दिव्यांग प्रमाणपत्र : कुणाला अनुभव आहे का?

सुती_धागा
नमस्कार. माझं वय ३५, सोलापुरातच राहते. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कंपनीत शिपमेंटची कागदपत्रं बघते. मला ऑटिझम असावा असं बरेच दिवस वाटतंय आणि ते जाणकार माणसाकडून तपासून घ्यायचंय. इथं शोधलं तर सगळे धागे लहान मुलांचे निघाले. मोठ्यांनी कुठं जायचं?

थोडं सांगते. उद्या ऑफिसात कोण काय विचारेल आणि मी काय उत्तर देईन, याची रात्री उजळणी केल्याशिवाय मला झोप लागत नाही. समोरचा रागावलाय की दमलाय हे चेहऱ्यावरून कळत नाही, मी ते शब्दांवरून ताडते. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधला एका डब्याचा फरक मात्र मला लांबूनच दिसतो. मागच्या वर्षी आमचं ऑफिस केबिनमधून एका मोठ्या हॉलमध्ये गेलं. फोन, व्हॉइस मेसेज, हसणं, एसीची घरघर. तेव्हापासून घरी आल्यावर जेवणापर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. नातेवाइकांत मी 'शिष्ट' म्हणून प्रसिद्ध आहे. आई म्हणते, लहानपणापासून अशीच.

तर विचारायचं असं : निदान कोण करतं? लहानपणीचा पुरावा लागतो का? निदान झालं तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का आणि त्याचा नोकरी करणाऱ्या बाईला खरा उपयोग काय? आणि ऑफिसात सांगावं का?

जुळे_सोलापूरकर
महत्त्वाचा धागा. वाचतोय.

मनोवैद्य
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, प्रॅक्टिस सोलापूरबाहेर. इथं कुणाचं निदान करणार नाही, पद्धत सांगतो.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ऑटिझम कळत नाही. सविस्तर मुलाखत आणि निरीक्षण यांवर निदान होतं. आम्ही मुख्यतः दोन गोष्टी बघतो. एक, इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण यांतल्या अडचणी. दुसरी, ठरावीकपणाची ओढ, एखाद्या विषयात खोल बुडणं, आवाज-स्पर्श-उजेड यांचा जास्त किंवा कमी त्रास. शिवाय एक अट : याची सुरुवात बालपणीच झालेली असली पाहिजे. पण डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकन मार्गदर्शक पुस्तक) च्या निकषांत हेही लिहिलंय की परिस्थितीची मागणी वाढेपर्यंत लक्षणं पुरती दिसत नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातात. ताईंचं केबिन गेलं आणि त्रास उघडा पडला, हे या वाक्यात बसू शकतं. बसतंच असं मी म्हणत नाही.

भेटायचं कुणाला? मानसोपचारात एमडी केलेले डॉक्टर आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, 'प्रौढांचं ऑटिझमचं मूल्यमापन करता का?' नाही म्हणाले तर वेळ वाचला. इंटरनेटवर एक्यू नावाची ५० प्रश्नांची आणि राड्स-आर नावाची ८० प्रश्नांची चाचणी मिळते. त्या चाळणी म्हणून ठीक आहेत, त्यांना निदान समजू नका.

सोबत आईला न्या. ते जमत नसेल तर तुम्हाला लहानपणी रोज बघणारी आत्या, मावशी, मोठी बहीण. शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर घेऊन जा. गुणांपेक्षा शिक्षकांचे शेरे कामाचे असतात. 'वर्गात मिसळत नाही', 'हुशार पण एकलकोंडी', असं एखाद वाक्य मुलाखतीला दिशा देतं.

सामाजिक भीती, ओसीडी (नको असलेले तेच तेच विचार आणि कृती), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), नैराश्य यांतलं काही आहे का हेही बघितलं जाईल. ते ऑटिझमच्या जागी असू शकतं किंवा ऑटिझमच्या जोडीला असू शकतं. ऑटिझमचं औषध नाही. जोडीला आलेली चिंता, निद्रानाश, नैराश्य यांवर मात्र चांगले उपचार आहेत. म्हणून अर्धवट सोडू नका.

अण्णा_बाळीवेस
माझं मत वेगळं आहे, मुलीनं मनाला लावून घेऊ नये. पस्तिशीत शिक्का मारून घेऊन करायचं काय? आमच्या गिरणीच्या चाळीत दर दोन घरांआड एक अबोल माणूस होता. कुणी दिवसभर रेडिओ उघडून बसायचा, कुणी कुणाच्या लग्नाला जायचा नाही. त्यांना कुणी रोगी म्हटलं नाही. चाळीनं सांभाळून घेतलं. नोकरी आहे, पगार आहे, बुद्धी आहे. देवाचं नाव घ्यावं आणि पुढं जावं.

आर्द्रा
अण्णा, चाळीनं सांभाळून घेतलं हे खरं असेल. पण त्या अबोल माणसाला रात्री कसं वाटत होतं हे चाळीला माहीत नव्हतं.

मी बार्शीची, आता पुण्यात असते. माझं निदान ४१ व्या वर्षी झालं. त्याआधी नैराश्याच्या गोळ्या चालू-बंद चालू-बंद. एका ठिकाणी तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही डोळ्यात बघून बोलता, लग्न झालंय, दोन मुलं आहेत, तुम्हाला कसला ऑटिझम?" डोळ्यात बघून बोलायला मी आरशासमोर शिकले होते. भुवयांच्या मध्ये बघायचं, चार शब्द झाले की नजर हलवायची. हे त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मला नेमकं हेच विचारलं : "हे तुम्हाला आपोआप येतं, की करावं लागतं?" त्या प्रश्नावर मी रडले. बायकांचं निदान उशिरा होण्याचं मोठं कारण हेच आहे. लहानपणापासून 'पाहुण्यांशी नीट बोल, हसून बोल' असं मुलीला जितकं शिकवतात तितकं मुलाला शिकवत नाहीत. आपण ते शिकतो, निभावतो आणि आतून झिजतो.

निदानानं माझं काय बदललं? औषधं बदलली. लग्नसमारंभाला जेवणाच्या वेळेपुरतं जायचं हे नवऱ्यानं आणि मी ठरवून टाकलं. आणि माझ्याबद्दल माझं मत बदललं. अण्णा, शिक्का आधीही होताच. 'शिष्ट', 'तिरसट', 'आतल्या गाठीची'. मी फक्त चुकीचे पुसून बरोबरचा लावून घेतला.

अण्णा_बाळीवेस
आर्द्राताई, हे मला असं कुणी सांगितलं नव्हतं. वाचतो आहे.

धोटा
आमच्या घरी चार पॉवरलूम होते. लोकांना वाटतं मागाच्या आवाजानं डोकं उठत असेल. मला त्या खटखटीत गाढ झोप लागायची, कारण तो आवाज ठरलेला. वीज गेली की दचकून जागा व्हायचो. याउलट गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांचे भोंगे, पिपाण्या, दहा स्टॉलची दहा गाणी असं एकत्र आलं की मी वडिलांचा सदरा धरून डोळे मिटून चालायचो. डॉक्टरांना मी हीच उदाहरणं दिली. 'मला आवाजाचा त्रास होतो' एवढंच म्हटलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. ताई, जाताना अशा गोष्टी कागदावर लिहून न्या. तिथं आयत्या वेळी आठवत नाहीत.

अजून एक. आमच्या घरी तेलुगू बोलतात. माझं लहानपण सगळ्यांत जास्त आजीला माहीत, आणि आजीला मराठी मोडकंतोडकं येतं. मुलाखतीत ती नुसतं "शांत होता, शांत होता" म्हणत राहिली. मग तिथल्या एका सिस्टरला तेलुगू येत होतं, त्या मध्ये बसल्या आणि आजी सुटलीच. मी चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नाही, मग एकदम पूर्ण वाक्यात बोलायला लागलो, आणि बॉबिन रंगाप्रमाणे लावून ठेवायचो, कुणी हलवली तर जेवायचो नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं किती आहेत! घरातलं माणूस ज्या भाषेत मोकळं बोलतं त्या भाषेचा माणूस मुलाखतीत मिळवाच.

शेंगाचटणी
धोटा, मी पण रोज तेच खातो : कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. हे लक्षण धरलं तर अर्धा जिल्हा रांगेत उभा राहील :)

धोटा
शेंगाचटणी, ती रांग हुरड्याच्या दिवसांत आपोआप मोडेल :) पण फरक सांगतो. चटणी संपली तर तुम्ही दुसरं काहीतरी खाता. मी उपाशी राहायचो.

सेतूवाला
मी फॉर्म भरण्याचं काम करतो, म्हणून प्रमाणपत्राचं सांगतो.

स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या युडीआयडी ओळखपत्राच्या, सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळतं. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा. आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः सारखं ठेवा, बायकांची बहुतेक प्रकरणं माहेरच्या-सासरच्या नावात अडकतात. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना यादीतला 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' हाच निवडा. घाईत 'मानसिक आजार' किंवा 'बौद्धिक दिव्यांगत्व' निवडलं तर वेगळ्याच तपासणीला पाठवतील. मग रुग्णालय निवडायचं. नोंदणी क्रमांक येतो, त्याची प्रिंट, आधीची सगळी वैद्यकीय कागदपत्रं मूळ आणि झेरॉक्स घेऊन जायचं. कुठल्या वारी कुठल्या प्रकारची तपासणी असते हे फोन करून किंवा कुणाला तरी पाठवून आधी विचारा.

४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं.

बाहेर जे 'टक्के वाढवून देतो' म्हणणारे फिरतात त्यांच्यापासून लांब राहा. अर्जाला फी नाही. खोटं प्रमाणपत्र निघालं तर कायद्यात शिक्षा आहे, आणि खऱ्या माणसाकडंही संशयानं बघितलं जातं ते वेगळंच.

कसोटी
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. आता जे सांगते ते सुती_धागा यांनी नीट समजून घ्यावं, कारण बहुतेकांची निराशा इथंच होते.

निदान आणि प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. निदान सांगतं तुम्हाला ऑटिझम आहे का. प्रमाणपत्र सांगतं त्यामुळं दिव्यांगत्व किती टक्के. आपल्याकडं त्यासाठी 'इसा' ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. त्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण. म्हणजे कमीत कमी ४०, जास्तीत जास्त २००. ७० च्या खाली गेलात तर त्या श्रेणीच्या हिशेबानं ऑटिझम नाही. ७० पासून पुढं ऑटिझम धरतात, आणि ७० ला ४० टक्के धरले जातात.

अडचण अशी की यातल्या बऱ्याच बाबी समोर दिसणाऱ्या वागण्याच्या आहेत. नजर देतो का, हात फडफडवतो का, एकटाच खेळतो का, बोललेलं परत परत म्हणतो का. पस्तीस वर्षं हे सगळं दाबायला शिकलेली बाई अर्ध्या तासाच्या भेटीत ७० च्या खाली येऊ शकते, तिचं निदान पक्कं असलं तरी. म्हणून तिथं नेहमीसारखं 'चांगलं वागून' दाखवू नका. अभिनय करा असं म्हणत नाही, उलट रोज जो अभिनय करता तो त्या दिवशी करू नका. कान झाकावेसे वाटले तर झाका. उत्तर सुचायला वेळ लागत असेल तर लागू द्या. घरातलं माणूस सोबत असू द्या, कारण कुठली गोष्ट किती वेळा होते हे तेच सांगू शकतं आणि गुण त्यावरच ठरतात.

निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. लेखी निर्णय आणि तारीख जपून ठेवा.

चंद्रभागा_२४
मी एमपीएससी करतोय, पंढरपूरचा. कसोटीताई, ४० टक्के नसतील तर काहीच मिळत नाही का? मला निदान आहे, कार्ड पांढरं आहे.

कलम_शोधक
वकील म्हणून उत्तर देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात ७ होते आणि त्यात ऑटिझम नव्हता. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या गटाचा. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा. पण या दोन्हीला ४० टक्क्यांची अट आहे. शिवाय कुठलं पद कुठल्या प्रकारासाठी योग्य ठरवलंय हे जाहिरातीत दिलेलं असतं, ते बघूनच अर्ज करा.

मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि तो ४० टक्क्यांच्या निकषात बसत नव्हता, म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, आरक्षणासाठी ४० टक्के लागतात. माणसाला गरजेनुसार सोय मिळण्याचा हक्क तेवढ्यापुरता मर्यादित नाही. त्यामुळं पांढरं कार्ड फेकून देऊ नका. वेगळी शांत खोली, जास्त वेळ, लेखी सूचना अशा मागण्यांना ते आधार देतं. मागणी परीक्षेच्या बऱ्याच आधी, लेखी आणि पोच घेऊन करा.

नदीकाठ
राग येईल कुणाला, पण बोलते. माझ्या बहिणीचा मुलगा बोलत नाही, त्याला अजून भरवावं लागतं. अशा मुलांसाठी योजना आहेत. नोकरी करणाऱ्या, इंग्रजी मेल लिहिणाऱ्या लोकांनी रांगेत उभं राहून त्यांचा वाटा कमी करायचा का?

आई_होटगीरोड
नदीकाठ, मी त्या मुलाच्या आईच्या जागी आहे, म्हणून मी उत्तर देते.

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. चार-पाच शब्द बोलतो. त्याला ९० टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. त्याला आंघोळ मी घालते. आणि हो, सुती_धागाची पोस्ट वाचून पहिल्यांदा माझ्या पोटात तुटलं. नोकरी आहे, प्रवास करते, स्वतःचा प्रश्न स्वतः लिहू शकते. माझ्या मुलाला यातलं काही यावं म्हणून मी किती नवस केलेत.

पण नंतर मी तिचं ते वाक्य परत वाचलं, घरी आल्यावर शब्द निघत नाही ते. माझ्या मुलाला गर्दीत काय होतं हे तो मला कधी सांगू शकला नाही. ते मला धोटाच्या पोस्टमधून कळलं. अनोळखी ठिकाणी गेल्यावर आमच्याकडं तो मिक्सरजवळ जाऊन का बसतो हे कोडं मला सुटत नव्हतं. ठरलेला आवाज! म्हणजे बोलता येणाऱ्यांनी पुढं येऊन सांगितलं तर माझ्या मुलाचं भलंच आहे. वाटा कमी होतो म्हणाल तर दरमहा पैसे देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची अट आहे, तिथं पगारदार बाई बसणारच नाही. आमची रांग लांब आहे ती तपासणारी माणसं कमी म्हणून. ती वाढवा म्हणायला आपण सगळे एकत्र असलो तर बरं.

ज्यांच्या घरी मोठी मुलं आहेत त्यांच्यासाठी : राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे, ऑटिझम त्यात पहिल्यापासून आहे. त्याखाली निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, वयाची अट नाही, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मूल १८ चं झालं की आई-बाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं अर्ज करावा लागतो. हे बँकेत खातं काढायला गेल्यावर कळण्यापेक्षा आधी करून ठेवा.

नदीकाठ
काकू, तुम्ही म्हटलंत म्हणून ऐकते. निरामयचं बहिणीला सांगते. तिला माहीत नाही.

वजावट
कराचं कुणी बोललं नाही. सुती_धागा यांना प्रमाणपत्राचा खरा पैशातला उपयोग इथं आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०-यू खाली उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून १,२५,०००. ही जुन्या करप्रणालीतच आहे, नव्यात नाही, तेव्हा दोन्हीकडं हिशेब करून बघा. ऑटिझमसाठी फॉर्म १०-आयए लागतो, तो सरकारी रुग्णालयाचे सिव्हिल सर्जन किंवा न्यूरॉलॉजीत एमडी असलेले डॉक्टर देऊ शकतात. दिव्यांग व्यक्ती आपल्यावर अवलंबून असेल तर आपल्याला कलम ८०-डीडी खाली वजावट मिळते. एसटीत ४० टक्क्यांपासून तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. आमचा पुतण्या सोलापूर-अक्कलकोट रोज करतो, त्याला महिन्याचा मोठा फरक पडला.

शेंगाचटणी
आता गंभीर प्रश्न. ऑफिसात सांगायचं की नाही? माझ्या मुलीलाही हाच पेच आहे, ती बँकेत आहे.

आर्द्रा
मी एका नोकरीत सांगितलं, दुसऱ्या नोकरीत नाही. जिथं सांगितलं तिथं साहेब माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागले, जसं काही मला ऐकू येत नाही. प्रमोशनची यादी आली तेव्हा 'तुम्हाला ताण नको' म्हणून नाव नव्हतं. जिथं सांगितलं नाही तिथं मी फक्त गरजा मागितल्या : काम ईमेलवर द्या, मीटिंगचा विषय आदल्या दिवशी कळवा, मला खिडकीकडची कोपऱ्यातली जागा द्या. कुणी कारण विचारलं नाही. सगळं मिळालं. हे प्रत्येक ठिकाणी चालेल असं नाही, पण आधी मागून बघावं.

कलम_शोधक
कायद्यानं प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायला हवं, खासगीनंसुद्धा. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात कोणत्या सोयी देणार हेही लिहायचं असतं. एचआरला 'आपलं समान संधी धोरण बघायला मिळेल का' असा एक साधा मेल करा. त्यात स्वतःबद्दल काही लिहायची गरज नाही. उत्तरावरून कळेल पुढं किती उघडायचं ते.

अण्णा_बाळीवेस
एक विचारू का? माझा धाकटा भाऊ ५८ वर्षांचा आहे. लग्न केलं नाही. रेल्वेची सगळी वेळापत्रकं पाठ, हुतात्मा एक्स्प्रेस कुठल्या स्टेशनला किती मिनिटं थांबते ते विचारा. माणसं आली की माडीवर जातो. आई गेल्यापासून तो जेवायच्या वेळा चुकवतो आणि बोलणं जवळजवळ थांबलंय. मी आजवर त्याचा स्वभाव म्हणून सोडून देत आलो. या वयात दाखवून उपयोग होईल का?

मनोवैद्य
अण्णा, लवकर दाखवा. ऑटिझम असो वा नसो, आई गेल्यानंतर जेवण आणि बोलणं कमी होणं हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. तोवर कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. त्यांना नेताना 'कुठं, किती वाजता, कोण असेल, किती वेळ लागेल' हे आदल्या दिवशी कागदावर लिहून द्या. वेळापत्रक आवडणाऱ्या माणसाला ते बरं वाटेल.

आई_होटगीरोड
अण्णा, आणि आई ज्या वेळेला जेवायला वाढायची त्याच वेळेला, त्याच ताटात वाढून बघा.

सुती_धागा
सगळ्यांची खूप आभारी आहे. मध्ये लिहायला जमलं नाही.

आईला घेऊन जाऊन आले. धोटा म्हणाले तसं सगळं लिहून नेलं होतं. डॉक्टरांनी आईला विचारलं, लहानपणी ही खेळायची कशी? आई म्हणाली, "खेळायची कुठं, ती मांडायची." आजोबांकडच्या चादरींच्या लेबलांची मी अंगणभर रांग लावायचे म्हणे, आणि कुणाला तिच्यावरून चालू द्यायचे नाही. मला हे बिलकूल आठवत नाही. प्रगतिपुस्तकं मिळाली, त्यातल्या चौथीच्या शेऱ्यावर डॉक्टर बराच वेळ थांबले. पुढची भेट सायकॉलॉजिस्टकडं आहे, निदान अजून कागदावर नाही. चिंतेवरचं औषध मात्र सुरू केलंय आणि झोप सुधारलीय.

प्रमाणपत्राचा अर्ज मी आत्ता करणार नाही. निदान लेखी हातात आलं की करीन, आणि टक्के कितीही आले तरी कार्ड घेईन. ऑफिसात आजाराचं नाव न घेता जागा बदलून मागितली. स्टोअरच्या शेजारची खोली मिळाली, तिथं कार्टन ठेवलेले असतात, कुणी येत नाही. मला ती फार आवडली.

आई_होटगीरोड काकू, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. तुमच्या मुलाबद्दल काही विचारायचं असेल, एखादी गोष्ट त्याला आतून कशी वाटत असेल असं, तर मला कधीही लिहा. माझं उत्तर बरोबर असेलच असं नाही, पण मनापासून देईन.

आई_होटगीरोड
लिहिणार बाळा. प्रश्न खूप साठलेत.

मोहोळ_फाटा
उशिरा आलो, एकच विचारतो. भाऊ २९ वर्षांचा, ऑटिझम, ६० टक्के प्रमाणपत्र आहे, काम नाही. वडील शेतमजूर. संजय गांधी निराधार योजनेत बसेल का? गावात म्हणतात ती फक्त विधवांना आणि अंध-अपंगांना असते.

सेतूवाला
बसतो. ४० टक्के किंवा जास्त असलेल्या दिव्यांगांना आहे, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. बाकीच्यांना महिन्याला १,५०० मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केलेत. अर्ज मोहोळ तहसीलच्या संजय गांधी शाखेत. युडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा आणि भावाच्याच नावाचं आधारला जोडलेलं बँक खातं. खातं वडिलांचं देऊ नका, पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. याशिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, तिथं त्याचाही लेखी अर्ज द्या.

मोहोळ_फाटा
सोमवारी जातो. कागदात काही अडलं तर इथंच विचारतो.